परवाना क्लबचा, जागरण शेजाऱ्यांचे

क्लबच्या हिरवळीवर दिवे लागण्याची वेळ आणि शेजारच्या घरातील मुलांनी अभ्यासाला बसण्याची वेळ एकच असते. दोन टेनिस कोर्टे, पत्त्यांची एक खोली आणि वर्तमानपत्रांचे एक टेबल एवढ्या भांडवलावर कधीकाळी सुरू झालेली संस्था; तिच्या कुंपणाला लागून शिक्षकांची, कारकुनांची, सेवानिवृत्तांची घरे. अनेक वर्षे दोघांचे बरे चाललेले असते. पुढे क्लबात बार येतो. बार खोलीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून हिरवळीवर सरकतो. हिरवळ समारंभांसाठी भाड्याने जाऊ लागते. आणि मग एका रात्री शेजारचा कोणी गृहस्थ फाटकापाशी येऊन, आवाज थोडा कमी करावा, अशी विनंती करतो. त्याला उत्तर मिळते : ‘आमच्याकडे परवाना आहे.’

वादाला तोंड फुटते ते येथे. त्यानंतरचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. आवाजाची तक्रार पोलीस ठाण्यात जाते. तेथे सांगण्यात येते की, परवाना उत्पादन शुल्क खात्याचा आहे, तिकडे जा. उत्पादन शुल्क खाते म्हणते की, आवाज हा पोलिसांचा विषय आहे. मोकळ्या जागेचा वापर बदलला असल्यास ते महापालिकेने पाहावे, असे दोघेही सुचवतात. आणि महापालिका अर्जावर आवक क्रमांक टाकून तो फायलीत ठेवते. हे चित्र कोणत्याही एका गावाचे नाही. ज्या ज्या शहरात जुने क्लब आणि दाट होत गेलेली वस्ती एकमेकांना चिकटून आहेत, तेथे थोड्याफार फरकाने ते दिसते. म्हणूनच एखाद्या क्लबला दोषी वा निर्दोष ठरवण्यापेक्षा या भांडणाचे मूळ कशात आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

हा वाद मद्यपानाचा नव्हे

अशा वादाला पहिले वळण लागते ते नीतीचे. शेजाऱ्यांच्या अर्जात ‘संस्कृती’, ‘तरुण पिढी’, ‘कुटुंबवत्सल वस्ती’ असे शब्द येतात. क्लबच्या उत्तरात ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ आणि ‘जुनाट मनोवृत्ती’ हे शब्द येतात. दोन्ही बाजूंना हे वळण सोयीचे वाटते, कारण तत्त्वाच्या भांडणात तपशील द्यावा लागत नाही. वस्तुतः शेजाऱ्याला त्रास होतो तो क्लबच्या सदस्याने आपल्या पेल्यात काय ओतले याचा नव्हे. मध्यरात्रीचा ध्वनिक्षेपक, निरोप घेताना फाटकाशी रेंगाळणारा गोंगाट, दारासमोर आडव्या लावलेल्या मोटारी आणि पहाटे दोन वाजता रिकाम्या बाटल्यांची खोकी ओतल्याचा खळखळाट, या गोष्टींनी त्याची झोप मोडते. सरबत पिऊन कोणी एवढाच गोंधळ घातला, तरी झोप तितकीच मोडेल.

तेव्हा खरा प्रश्न मद्य असावे की नसावे, हा नाही. ते कोणत्या अटींवर दिले जावे, त्या अटी कोणी ठरवाव्यात आणि त्या मोडल्या तर पुढे काय व्हावे, हा आहे. आपल्या व्यवस्थेत या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांत शेजाऱ्याला जवळजवळ स्थान नाही. आणि जेथे स्थान आहे, तेथे त्याच्या हाती ‘बंद करा’ एवढे एकच टोकाचे हत्यार दिलेले आहे.

क्लबला सवलत कशासाठी?

क्लब या संस्थेचा जन्मच मुळी मद्याभोवती झाला, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली कामगारांच्या क्लबांची संघटना स्थापन करणारे हेन्री सॉली हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि मद्यपानविरोधी चळवळीतले गृहस्थ होते. कामगाराला गुत्त्याबाहेर बसण्याची, वाचण्याची, गप्पा मारण्याची जागा मिळावी, हा त्यांचा हेतू होता. क्लबात बीअर आली ती नंतर, सभासदांच्या आग्रहाने आणि क्लब स्वतःच्या पायावर उभा राहावा या व्यवहारी गरजेतून. आपल्याकडे १८७५ चा बॉम्बे जिमखाना, १८९४ चा हिंदू जिमखाना किंवा पुण्याचा १९०६ चा डेक्कन जिमखाना ही नावेच सांगतात की, आरंभी खेळ होता, मैदान होते.

महाराष्ट्राची विशेष गोष्ट अशी की, येथे मद्याचा प्रत्येक परवाना दारूबंदीच्या कायद्याखाली दिला जातो. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम हा आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याचा मूळ साचा कायम आहे : मद्य निषिद्ध आणि परवाना हा अपवाद. पिणाऱ्यालाही स्वतःचे परमिट लागते आणि ते ‘आरोग्याच्या जतनासाठी’ दिले जाते. या शब्दांना आज कोणी हसल्यावाचून राहणार नाही. पण त्यामागील तत्त्व हसण्यासारखे नाही. मद्यविक्री हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणातील १९९४ च्या निकालात त्याची सविस्तर मांडणी आहे. याचा सरळ अर्थ असा की, ‘आमच्याकडे परवाना आहे’ हे वाक्य हक्काचे वाक्य नव्हे. समाजाने काही अटींवर दिलेल्या परवानगीचे ते स्मरण आहे.

क्लबचा परवाना तर याहूनही खास. परमिट रूमचे दार परमिटधारक गिऱ्हाइकाला उघडे असते; क्लबात मद्य मिळावे ते सदस्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना. क्लबला वेगळ्या वर्गात टाकण्याचे कारण उघड आहे. तेथे येणारी माणसे ओळखीची असतात, त्यांची नावे नोंदवहीत असतात, गैरवर्तन करणाऱ्याला समिती जाब विचारू शकते. क्लब म्हणजे एक मोठे खाजगी घर आणि घरात येणाऱ्या पाहुण्याची जबाबदारी यजमानाची, हे गृहीत धरून कायदा त्याच्याकडे पाहतो.

हे गृहीतक जेथे ढासळते, तेथेच शेजाऱ्यांचा संताप सुरू होतो. एखाद्या सदस्याच्या नावावर हिरवळ भाड्याने घेतली जाते, समारंभापुरता तात्पुरता मद्यपरवाना काढला जातो आणि पाचशे अनोळखी माणसे ‘पाहुणे’ म्हणून आत येतात. त्यांना क्लबची समिती ओळखत नाही, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही आणि उद्या त्यांना जाब विचारण्याची सोयही नाही. प्रत्येक कागद कदाचित नियमाला धरून असेल. पण खाजगी घर म्हणून मिळालेली सवलत आणि सार्वजनिक कार्यालय म्हणून मिळणारे भाडे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घेणे न्यायाचे नाही. क्लबला घर म्हणवून घ्यायचे असेल, तर घराचा शेजारधर्मही पाळला पाहिजे. मंगल कार्यालय व्हायचे असेल, तर कार्यालयाच्या अटी स्वीकारल्या पाहिजेत.

फूटपट्टीचा न्याय

शेजाऱ्याच्या संरक्षणासाठी कायद्यात काहीच नाही, असे मात्र नाही. परमिट रूमसाठी शाळा आणि प्रार्थनास्थळ यांपासून ७५ मीटरचे बंधन आहे. महामार्गांवरील अपघात रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांलगतच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात मद्यविक्रीला मनाई केली. २०१७ च्या मार्चमध्ये लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले आणि जुलैमध्ये पालिका क्षेत्रातील परवान्यांना हा आदेश आड येत नाही, असा खुलासा झाला. या सर्व काळात देशभर फूटपट्ट्या आणि टेप घेऊन मोजमापे चालली होती. कोठे मागचे दार पुढचे झाले, कोठे रस्त्याचा दर्जाच बदलला.

अंतर मोजणे सोपे असते, म्हणून प्रशासनाला ते आवडते. परंतु शाळा संध्याकाळी बंद होते आणि देवळाची शेजारती होऊन दार लागते. रात्री अकरानंतर जागा असतो तो भिंतीपलीकडचा माणूस. त्याच्या घरापासूनचे अंतर कोणी मोजत नाही. मोजले तरी उपयोग बेताचाच, कारण आवाज टेपप्रमाणे सरळ रेषेत जात नाही. चारही बाजूंनी बंद असलेल्या खोलीतील वाद्यवृंद वीस फुटांवर ऐकू येणार नाही. मोकळ्या हिरवळीवरचा ध्वनिक्षेपक दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल.

आवाजासाठी वेगळा नियम आहे. केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, असेही हे नियम सांगतात. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचे स्वातंत्र्य येत नाही, हेही स्पष्ट केले.

मग अडते कोठे? अडते ते येथे की, हे दोन कायदे एकमेकांना ओळखत नाहीत. मद्याचा परवाना देणाऱ्याच्या टेबलावर आवाजाची तक्रार येत नाही आणि आवाजाची तक्रार घेणाऱ्याला परवान्यावर काही लिहिता येत नाही. आवाजाबद्दल पोलीस फार तर त्या रात्रीपुरता ध्वनिक्षेपक बंद करतात. पुढच्या शनिवारी तो पुन्हा लागतो. परवान्याच्या कागदावर त्या रात्रीचा डागही उमटत नाही.

उभी नाही तर आडवी

लोकांना या बाबतीत मत देण्याची एक सोय महाराष्ट्राने केलेली आहे आणि तिचे श्रेय राज्यातील स्त्रियांच्या दीर्घ लढ्याला आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील वा वॉर्डातील मतदारांनी ठराविक संख्येने मागणी केल्यास दारूविक्री बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे आणि आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे. निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल आडव्या बाटलीला मिळाला, तर विक्री थांबते. ज्या गावात दारूने संसार धुळीला मिळवले, तेथे हा मार्ग योग्य आणि आवश्यकही होता. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने विधानसभेत आणखी एक गोष्ट जाहीर केली : गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील व्यापारी गाळ्यात बीअरचे वा मद्याचे नवे दुकान सुरू करायचे, तर त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. तेही स्वागतार्ह आहे.

पण या दोन्ही उपायांत एक समान उणीव आहे. दोन्हीत उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच आहे. क्लबच्या शेजाऱ्याला बहुधा यांपैकी काहीच म्हणायचे नसते. त्याला म्हणायचे असते : ‘चालू द्या, पण दहानंतर हिरवळीवर नको. बाटल्या सकाळी काढा. महिन्यात चार समारंभ करा, चौदा नको.’ हे सांगण्यासाठी मतपत्रिकेवर चिन्ह नाही आणि ना-हरकत पत्रावर रकाना नाही. मधला मार्गच नसल्यामुळे माणूस टोकाला जातो. झोप हवी असलेला गृहस्थ दारूबंदीचा कार्यकर्ता होतो. आणि आवाज कमी करायला तयार असलेला क्लब आपले अस्तित्वच धोक्यात आहे, अशा समजुतीने वकील गाठतो.

शेजाऱ्याला ऐकण्याची रीत

हा मधला मार्ग काढता येतो, याचे एक उदाहरण इंग्लंड आणि वेल्समध्ये सापडते. तेथील २००३ चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला आणि क्लबांच्या मद्यवाटपाचा निर्णय स्थानिक परिषदेकडे गेला. क्लब म्हणवून घेण्यासाठी तेथे किमान २५ सदस्य लागतात आणि अर्ज केल्यापासून दोन दिवस गेल्याखेरीज कोणालाही सदस्याचे लाभ मिळत नाहीत. म्हणजे दारातच पावती फाडून गिऱ्हाइकाला सदस्य बनवण्याची वाट बंद. गुन्हे व बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवाला प्रतिबंध आणि मुलांचे संरक्षण हे चार हेतू कायद्याने ठरवून दिले आहेत. शेजारी आक्षेप घेऊ शकतो. पण तो या चारांपैकी एखाद्या हेतूशी जोडलेला हवा. ‘मला मद्यपान आवडत नाही’ हा आक्षेप तेथे ऐकला जात नाही आणि निव्वळ त्रास देण्यासाठी केलेला अर्जही फेटाळला जातो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे परवाना दिल्यानंतरही शेजाऱ्याला त्याच्या फेरविचाराची मागणी करता येते. सुनावणी होते, दोन्ही बाजू समोरासमोर बोलतात आणि परिषदेच्या हाती पायऱ्या असतात : अटी बदलणे, एखादा उपक्रम वगळणे, तीन महिन्यांपर्यंत स्थगिती देणे आणि अगदी शेवटी प्रमाणपत्र काढून घेणे. त्यावर न्यायालयात अपील करता येते. तेथे भांडणे संपली, असे मुळीच नाही. फरक इतकाच की, भांडणाला बसायला एक टेबल मिळाले.

क्लबचीही बाजू

एवढे सांगून थांबणे एकांगी होईल. क्लबांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अनेक ठिकाणी क्लब आधीचा आहे आणि इमारत नंतरची. ‘क्लबच्या हिरवळीचे दर्शन’ अशी जाहिरात वाचून ज्याने जास्त दराने सदनिका घेतली, त्याने हिरवळीवर माणसे दिसतात म्हणून तक्रार करावी, हे थोडे विचित्रच. इंग्लंडच्या २०१८ च्या नियोजन धोरणात याबाबत एक विवेकी सूत्र आहे : आधीपासून असलेल्या संगीतगृहाशेजारी वा क्रीडा क्लबाशेजारी नवी वस्ती उभारायची असेल, तर आवाजापासून बचावाची व्यवस्था नव्याने बांधणाऱ्याने करावी. आपल्याकडे बांधकाम परवानगी देताना असा विचार होत नाही आणि बिल्डरच्या नफ्याची किंमत पुढे क्लब आणि रहिवासी एकमेकांशी भांडून चुकवतात.

सगळ्याच तक्रारी निर्मळ असतात, असेही नाही. कोणाला सदस्यत्व नाकारलेले असते, कोणाला वाहन उभे करण्याची जागा हवी असते, कोणाचे क्लबच्या जमिनीकडे लक्ष असते. ‘आपला तो बाब्या’ हा न्याय येथेही चालतो. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याच हिरवळीवर बँड वाजवणारे गृहस्थ पुढच्या मोसमात शांततेच्या अर्जावर पहिली सही करतात. शिवाय क्लब म्हणजे केवळ बार नव्हे. मुलांना मैदान, वृद्धांना चार माणसांची सोबत आणि वाढपी, आचारी, माळी अशा माणसांना रोजगार तेथे मिळतो. बारच्या उत्पन्नावर खेळाचा खर्च निघतो, हा क्लबांचा दावाही पुष्कळदा खरा असतो. मद्यविक्री हा हक्क नसला, तरी शासनाला मनमानीचा हक्क मिळतो असे नाही. घटनेचे चौदावे कलम परवानाधारकालाही लागू आहे.

तात्पर्य, शेजाऱ्याला क्लबवर नकाराधिकार देणे हे उत्तर नव्हे. त्याला बोलण्याची जागा देणे आणि त्याच्या बोलण्याला कागदावर परिणाम देणे, हे उत्तर आहे.

मार्च महिन्याचा मुहूर्त

यासाठी नवा मोठा कायदा करण्याची आवश्यकता नाही. मद्याचे परवाने वर्षाचे असतात. ३१ मार्चला ते संपतात आणि शुल्क भरून त्यांचे नूतनीकरण होते. परवान्याला अटी घालण्याचा आणि अटीभंगाबद्दल तो स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार कायद्यात आहेच. आज नूतनीकरण म्हणजे केवळ शुल्काचा भरणा, अशी स्थिती आहे. तेच वर्षातून एकदा होणाऱ्या जाहीर सुनावणीचे निमित्त का होऊ नये? परवान्यावरील अटी क्लबच्या फाटकावर मराठीत लावाव्यात. नूतनीकरणापूर्वी लगतच्या रहिवाशांकडून लेखी हरकती मागवाव्यात. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रतिनिधीने उत्पादन शुल्क, पोलीस आणि पालिका या तिन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच दिवशी एकाच टेबलावर बसवावे. म्हणजे तक्रारदाराला तीन दारे झिजवावी लागणार नाहीत.

अटी मोजता येण्याजोग्या असाव्यात. ‘शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये’ ही अट दिसायला सुंदर आणि अमलात आणायला अशक्य. त्याऐवजी हिरवळीवर मद्य किती वाजेपर्यंत, संगीत चालू असताना दारेखिडक्या बंद की उघड्या, बाटल्या कोणत्या वेळी हलवायच्या, बाहेरच्यांना भाड्याने दिलेले समारंभ वर्षातून किती, फाटकाबाहेरची गर्दी पांगवण्याची जबाबदारी कोणाची आणि रात्री दूरध्वनी उचलणारा पदाधिकारी कोण, हे लिहिलेले असावे. तक्रार करणाऱ्यानेही नाव, तारीख आणि वेळ द्यावी. निनावी पत्रावर कोणाच्या रोजगारावर गदा येऊ नये. अट मोडल्यास आधी ताकीद, मग वेळेत कपात, मग काही दिवसांची स्थगिती आणि त्यानंतरच परवाना रद्द, अशी चढती शिक्षा असली की क्लबला सुधारण्याची संधी मिळेल आणि शेजाऱ्याला विश्वास वाटेल.

मार्च हा नूतनीकरणाचा महिना आहे, तसाच तो परीक्षांचाही आहे. त्या महिन्यात कितीतरी घरांत दहावीची मुले रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसलेली असतात आणि कुंपणापलीकडे लग्नसराईचा मोसमही तोंडावर आलेला असतो. दोन्ही प्रसंग त्या त्या घराच्या आयुष्यात एकदाच येणारे. त्यांतला कोणता मोठा, याचा निवाडा कोणत्याही कायद्याला करता येणार नाही आणि त्याने तो करूही नये. त्याने एवढेच करावे की, दहा वाजल्यानंतर एकाच्या आनंदासाठी दुसऱ्याला खिडकी लावून बसावे लागू नये. परवाना क्लबच्या नावाचा असला, तरी त्यातील प्रत्येक अट शेजाऱ्याला दिलेला शब्द आहे. तो शब्द पाळला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार ज्याला दिला होता, त्यालाच असला पाहिजे.